होस्ट कनेक्ट होतो आणि मिनिटभरात परत 'नॉट रिस्पॉन्डिंग' होतो, काय तपासू?

तुम्ही लिहिलंय की व्हीसेंटरमधून (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) ईएसएक्सआय होस्ट (ज्यावर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालतात तो सर्व्हर) कनेक्ट केला की मिनिटभर नीट दिसतो आणि मग परत नॉट रिस्पॉन्डिंग, पिंग मात्र दोन्हीकडून चालू. हे मिनिटभरच महत्त्वाचं आहे, कारण होस्टच हँग असता तर तो बहुधा कनेक्टच झाला नसता.

कसंय, कनेक्ट करताना व्हीसेंटर स्वतः होस्टकडे जातो, टीसीपी ४४३ आणि ९०२ वर, ते तुमच्याकडे चालतंय. त्यानंतर होस्टवरचा व्हीपीएक्सए एजंट (व्हीसेंटरशी बोलणारी सर्व्हिस) दर १० सेकंदांनी उलट्या दिशेने हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' असं छोटं पॅकेट, पाठवतो, तो जातो यूडीपी ९०२ वर, आणि ६० सेकंदांत एकही पोचला नाही की व्हीसेंटर होस्टला नॉट रिस्पॉन्डिंग ठरवून मोकळा. नेटवर्कवाले '९०२ उघडलाय' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा टीसीपीच उघडलेला असतो, वर टेलनेट मारून दाखवतात, पण टेलनेट फक्त टीसीपीच तपासतो, त्याला यूडीपीचं काय कळणार!

म्हणून वाद न घालता पॅकेट बघा. होस्टवर एसएसएच करून टीसीपीडम्प-यूडब्ल्यू (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) चालवा, इंटरफेस मॅनेजमेंटचा (बहुतेक व्हीएमके शून्य), फिल्टर यूडीपी पोर्ट ९०२, आणि त्याच वेळी व्हीसेंटरच्या शेलमध्ये साधा टीसीपीडम्प त्याच फिल्टरने. होस्टवरून निघतायत पण व्हीसेंटरकडे येत नाहीत, तर मधली फायरवॉल, विषय संपला. निघतायत पण भलत्याच आयपीला चाललेत, असंही होतं, विशेषतः व्हीसेंटरचा आयपी बदललाय किंवा मध्ये नॅट (आयपी बदलून पुढे पाठवणारं) आहे तेव्हा. मग व्हीसेंटरच्या जनरल सेटिंगमध्ये रनटाइम सेटिंगखाली मॅनेज्ड अ‍ॅड्रेस (होस्ट हार्टबीट पाठवतो तो पत्ता) काय पडलाय ते बघा.

काहीच निघत नसेल तर व्हीपीएक्सए आणि होस्टडी (होस्टची मुख्य मॅनेजमेंट सर्व्हिस) रीस्टार्ट करा, चालू व्हीएमना धक्का लागत नाही. सगळ्या सर्व्हिस एकदम रीस्टार्ट करणारी स्क्रिप्ट मात्र एलएसीपी (अनेक नेटवर्क लिंक एकत्र बांधणं) किंवा एनएसएक्स (व्हीएमवेअरचं व्हर्च्युअल नेटवर्क) असेल तर मारू नका, मॅनेजमेंट नेटवर्कच जाऊ शकतं. आणि ब्राउझरमधून थेट होस्टवर लॉगिन केलं तरी तो घुटमळत असेल तर स्टोरेज बघा, एखादं लन (स्टोरेजने होस्टला दिलेली डिस्क) गायब झालं की होस्टडी त्याच्या उत्तराची वाट बघत अडकून बसतो, मग कितीही रीस्टार्ट मारा, पहिले पाढे पंचावन्न. व्हीएमकर्नलच्या लॉगमध्ये एपीडी (ऑल पाथ्स डाउन, म्हणजे स्टोरेजकडे जाणारे सगळे मार्ग बंद) शोधा.

आणि कृपा करून होस्ट इन्व्हेंटरीतून रिमूव्ह करून परत अ‍ॅड करायचा सल्ला लगेच ऐकू नका. फोल्डर, परमिशन, रिसोर्स पूल सगळं परत लावत बसाल आणि यूडीपी बंद तो बंदच.

दोन्हीकडचा टीसीपीडम्प इथे टाका, आयपी तेवढे झाकून.