कोथरूड ते हिंजवडी रोज: व्हर्टस 1.5 की जुनी व्हीआरएस?

प्रश्न थोडक्यात असा: रोज कोथरूड ते हिंजवडी, एका बाजूने साधारण 20 किलोमीटर. रविवारी ताम्हिणी घाट. घरात आई-वडील, गाडी एकच, बजेट 18 लाख. दोन-तीन वर्षं वापरलेली फोक्सवॅगन व्हर्टस 1.5 टीएसआय (टर्बो पेट्रोल) घ्यावी, की 2017-18 ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस?

गाडी एकच असेल तर व्हर्टस. घरात दुसरी साधी गाडी असती तर बेलाशक व्हीआरएस घ्या म्हटलं असतं.

कागदावर तुलनाच नाही. व्हीआरएस 2 लिटरची, 230 पीएस ताकद, 350 न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर), 0 ते 100 अवघ्या 6.8 सेकंदांत. व्हर्टस 150 पीएस आणि 250 न्यूटन मीटर. पण चांदणी चौकातून बायपासला लागून भूमकर चौक गाठेपर्यंत 230 पीएस वापरणार कुठे? तिथे उपयोग खालच्या आरपीएमच्या टॉर्कचा, आणि व्हर्टसचा पूर्ण टॉर्क 1,600 पासूनच हाताशी असतो. शिवाय तिचा ग्राउंड क्लिअरन्स 179 मिलिमीटर आहे. व्हीआरएस साध्या ऑक्टाव्हियापेक्षाही खाली बसते. आई-वडील मागे, डिकीत सामान आणि समोर सोसायटीवाल्यांनी हौसेने घातलेला स्पीडब्रेकर, हे रोजचं गणित आहे. टेस्ट ड्राइव्हला पाच माणसं बसवूनच आपल्या पार्किंगच्या रॅम्पवर गाडी घालून बघा. विकणारा कुरकुर करेल, करू द्या.

आता गिअरबॉक्स, कारण खरा खर्च तिथेच निघतो. व्हर्टसचा 7 स्पीड डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे. ब्रेक अर्धवट सोडून गाडी मुंगीच्या पावलांनी सरकवत राहिलात की क्लच पूर्ण लागत नाही, नुसता घासतो आणि तापतो. प्लेटा तेलात नसल्यामुळे ती उष्णता लवकर निघूनही जात नाही. म्हणून गर्दीत पुढच्या गाडीला दोन गाड्यांएवढं अंतर होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून पुढे जा आणि पूर्ण थांबा. मध्ये रिक्षा घुसेल, घुसू द्या. क्लचपेक्षा स्वस्त पडते. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरू नका. पहिला-दुसरा-पहिला असा खेळ सुरू झाला तर मॅन्युअल मोडमध्ये पहिलाच धरून ठेवा. वॉरंटी शिल्लक नसेल तर डीएसजीच्या नादी न लागता 6 स्पीड मॅन्युअल शोधा.

त्या वर्षांतल्या व्हीआरएसचा 6 स्पीड डीएसजी ओल्या क्लचचा, म्हणजे प्लेटा तेलात. गर्दी तो जास्त सोसतो, पण दर 60,000 किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावंच लागतं. त्याचं बिल दाखवता आलं नाही तर ते काम झालेलंच नाही असं धरून भाव करा.

रीमॅपचं, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचं, भूत डोक्यात असेल तर एक हिशेब बघा. व्हर्टसचा गिअरबॉक्स 250 न्यूटन मीटरसाठी बनवलाय, इंजिन देतं 250. व्हीआरएसचा 350 साठी, इंजिन देतं 350. म्हणजे दोन्ही गाड्या कंपनीतूनच काठोकाठ भरून आल्यात. इंजिन आणखी टॉर्क सहज देईल, पण त्याचा मार क्लचने खायचा, आणि वॉरंटी गेली ती वेगळीच. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी नेमका आडवा येतो.

तेच पैसे टायरमध्ये घाला. व्हर्टसचा 205/55 आर16 टायर घेतला तर बाजूची भिंत 205 च्या 55 टक्के, म्हणजे 113 मिलिमीटर. दिसायला झकास म्हणून 225/40 आर18 चढवलात की ती 90 वर येते. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. भिंत रिम आणि खड्ड्याच्या कडेमध्ये चिमटते, आतले धागे तुटतात आणि टायरला बाजूने फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकायचाच. तेव्हा 16 इंची रिमच ठेवा आणि टायर चांगल्या पकडीचे घ्या. घेताना टायरच्या बाजूला छापलेल्या डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा: 3422 म्हणजे 2022 चा 34 वा आठवडा.

ताम्हिणीची मजा पौड, मुळशी ओलांडल्यावर, पाऊस सरल्यानंतरच्या महिन्यांत, भल्या पहाटे. पावसाळी रविवारी तिथे जत्रा आणि धुकं, गाडी चालवायला काहीच उरत नाही. तिथल्या वळणांवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये व्हर्टसचं इंजिन मनसोक्त फिरवता येतं. व्हीआरएसमध्ये पाय जरा खाली गेला की पुढचं वळण अंगावर आलेलं असतं. उतरताना गिअर खालचा ठेवा. ब्रेक सतत दाबून धरला तर जळका वास येतो, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर पेडल खोल जायला लागतं. ते ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

इंजिन ऑइल बिलावर फोक्सवॅगनच्या 502 00 किंवा 504 00 मानकाचं लिहिलेलं असायला हवं. कंपनी 15,000 किलोमीटर म्हणते. हिंजवडीच्या गर्दीत इंजिन चालू आणि चाकं बंद असतात, म्हणून 7,500 ला बदललेलं बरं.

एवढं सांगूनही मन व्हीआरएसवरच असेल तर दुरुस्तीसाठी दोन लाख बाजूला काढून मगच सौदा करा. गाडी सकाळी थंड असताना बघायला जा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालवून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी परत या. कूलंटच्या टाकीत पातळी बघा, मग टॉर्च घेऊन इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली: तिथे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर असतं, आणि या इंजिनात ते पाझरतं. सुकलेली गुलाबी-पांढरी खपली दिसली तर पंपाचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करा. शेवटी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून घ्या आणि नोंदीत टीडी1 ही खूण आहे का ते विचारा. ती असेल तर सॉफ्टवेअरशी छेडछाड झालेली आहे, मालक काहीही म्हणो.