कमी बजेटमध्ये घरी सर्व्हर बांधायचा असेल तर कोणते भाग निवडावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातल्या चार-पाच जणांचे फोटो आणि कागदपत्रं एका ठिकाणी ठेवायची आहेत, टीव्हीवर सिनेमे बघायचे आहेत, एखाद-दुसरी छोटी सेवा चालवायची आहे, आणि पैसे मोजकेच आहेत. दोन झिऑन (इंटेलचे सर्व्हरसाठीचे) प्रोसेसर असलेला जुना रॅक सर्व्हर मातीमोल भावात मिळतोय, तर तो घ्यावा का?

तो घेऊ नका. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे चोवीस तास चालू असलेल्या यंत्राचा प्रत्येक वॅट वर्षाला ८.७६ युनिट वीज खातो. असले दोन प्रोसेसरवाले जुने सर्व्हर काही काम नसतानाही १०० वॅटच्या आसपास, बरेचदा त्याहून जास्त ओढतात. ऑफिसातून निघालेला छोटा पीसी रिकामा असताना डिस्क न धरता १० ते १५ वॅटवर बसतो. फरक ८५ वॅटचा धरला तरी वर्षाला सुमारे ७४५ युनिट होतात. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून चार वर्षांचा आकडा काढा, म्हणजे ‘स्वस्त’ सर्व्हरची खरी किंमत समोर येईल. शिवाय त्याचे छोटे पंखे इतक्या वेगाने फिरतात की झोपायच्या खोलीच्या शेजारी तो ठेवता येत नाही.

भाग निवडण्याचा क्रमही यातूनच ठरतो. घरचा सर्व्हर दिवसाचा बहुतेक वेळ नुसता बसून असतो, म्हणून रिकामा असताना तो किती वॅट खातो हे आधी बघायचं, प्रोसेसरचा वेग त्यानंतर. आणि हातातल्या पैशातले निम्म्याहून जास्त डिस्कसाठी बाजूला काढून मगच बाकीच्या भागांकडे वळायचं. अनेकदा उलटं होतं. मदरबोर्ड आणि प्रोसेसरवर पैसे संपतात, मग कुठलीतरी जुनी डिस्क जोडली जाते आणि घरातले सगळे फोटो तिच्यावर जातात.

घरात एखादा डेस्कटॉप पडून असेल तर खरेदीआधी तो मोजा. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर घ्या, ग्राफिक्स कार्ड काढून टाका, लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका, दहा मिनिटं थांबून आकडा बघा. ३० वॅटच्या आत असेल तर यंत्राचा खर्च वाचला, सगळे पैसे डिस्कला. पॉवरटॉप नावाचं साधन चालवून वीज वाचवण्याच्या सेटिंग चालू केल्या की आणखी काही वॅट उतरतात.

विकत घ्यायचं ठरलं तर वापरलेला डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा लेनोवो थिंकसेंटर बघा. यांचे साधारण तीन आकार मिळतात. सगळ्यात छोटा, पुस्तकाएवढा, वीज सगळ्यात कमी खातो, पण त्यात साडेतीन इंची डिस्क बसत नाही. मधल्या आकारात सहसा एक किंवा दोन बसतात. टॉवरमध्ये दोन किंवा जास्त. तुमच्या कामाला मधला आकार किंवा टॉवर घ्या. छोटा दिसायला छान असतो, पण मग डिस्क यूएसबीवर टांगाव्या लागतात, आणि त्याचा त्रास पुढे सांगतो.

प्रोसेसर इंटेलचा सातव्या किंवा आठव्या पिढीचा असावा. याला नेमकं कारण आहे. टीव्हीला एखादी फाइल झेपली नाही तर सर्व्हरला ती चालू असतानाच दुसऱ्या स्वरूपात बदलून द्यावी लागते, आणि हे काम प्रोसेसरमधली ग्राफिक्स चिप क्विक सिंक या इंटेलच्या व्हिडिओ बदलायच्या सोयीच्या मदतीने करते. सहाव्या पिढीला एच.२६४ आणि ८ बिटचं एचईव्हीसी ही व्हिडिओची स्वरूपं जमतात, १० बिटचं एचईव्हीसी सातव्या पिढीपासून जमतं. नव्या ४के फाइली बहुतेक १० बिटच्याच असतात. सहावी पिढी घेतली तर तो भार मुख्य कोअरवर पडतो, पंखा ओरडायला लागतो आणि चित्र अडखळतं. आठव्या पिढीच्या आय५ला सहा कोअर आहेत, सातव्याच्या आय५ला चार. किमतीत फार अंतर नसेल तर आठवी घ्या. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात ग्राफिक्स चिपच चालू नसते. आणि शेवटी ‘टी’ आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका. टी-वाल्यांची कमाल वीज ३५ वॅटला बांधलेली असते, रिकाम्या अवस्थेतला आकडा साध्या मॉडेलएवढाच असतो.

घेताना तीन गोष्टी तपासा. बायोसला (यंत्र सुरू होताना आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) पासवर्ड नाही ना, कारण काही यंत्रांत बोर्डावरचा सेल काढूनही तो जात नाही. वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप चालू होण्याची सेटिंग बायोसमध्ये आहे ना. आणि डिस्क अडकवायच्या कंसपट्ट्या व वायर सोबत आहेत ना, कारण त्या त्या मॉडेलच्याच लागतात आणि नंतर शोधताना नाकी नऊ येतात. सीआर२०३२ सेल आणल्याआणल्या बदला. तो मेला की बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ दोन्ही जातात.

वापरलेलं काही भरवशाचं मिळत नसेल तर इंटेल एन१०० प्रोसेसर लावलेला बोर्ड चांगला पर्याय आहे. चार कोअर, ६ वॅटचं रेटिंग, ग्राफिक्स एव्ही१ हे नवं व्हिडिओ स्वरूपसुद्धा उलगडते. मर्यादा म्हणजे मेमरीचा एकच चॅनेल आणि पीसीआयईच्या (कार्ड आणि एसएसडी जोडायच्या मार्गाच्या) फक्त नऊ लेन. तुमच्या कामाला त्या पुरतात. रास्पबेरी पाय मी सुचवणार नाही. पेटी, अडॅप्टर, एसएसडी धरून खर्च वापरलेल्या पीसीच्या जवळ जातो आणि डिस्क जोडायचे साटा पोर्ट मुळातच नसतात.

रॅम ८ जीबीत काम भागतं. इमिचसारखं फोटोंमधले चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर १६ घ्या. ‘झेडएफएसला प्रत्येक टीबीमागे १ जीबी रॅम लागते’ हे वाक्य तुम्हाला जागोजागी भेटेल (झेडएफएस म्हणजे डिस्कवरच्या फाइली सांभाळणारी एक फाइल सिस्टिम). घरच्या वापरात ते मनावर घेऊ नका. झेडएफएस मोकळी रॅम वाचन जलद करायला वापरते आणि नसली तर फक्त थोडी हळू चालते. खरी भूक डीडुप्लिकेशनला (सारखाच मजकूर एकदाच साठवण्याला) असते, आणि ते चालू करायचंच नाही. आणखी एक फसगत: सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम फार स्वस्त मिळते, पण ती या ऑफिस पीसींमध्ये चालत नाही, यंत्र सुरूच होत नाही. ईसीसी चांगलीच, पण तिच्यासाठी वेगळा बोर्ड घेण्यापेक्षा ते पैसे बॅकअपच्या डिस्कवर घाला.

आता डिस्क. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी १२८ किंवा २५६ जीबीची साधी एसएसडी पुरते. एम.२ (एसएसडीसाठीची) खाच दिसली म्हणजे एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जातीची एसएसडी) चालेलच असं नाही, आणि काही बोर्डांवर त्या खाचेत साटा एसएसडी लावली की एक साटा पोर्ट बंद पडतो. बोर्डाची माहितीपुस्तिका वाचूनच घ्या.

साठवणीच्या हार्ड डिस्कमध्ये सीएमआर आणि एसएमआर या लिहिण्याच्या दोन पद्धतींतला भेद नीट समजून घ्या. सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे सुटे असतात. एसएमआरमध्ये माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचकटावी लागतात. तसंच एक पट्टा पुन्हा लिहायचा तर पुढचे पट्टेही लिहावे लागतात. आधी डिस्क नवं लिखाण एका राखीव भागात घेते, म्हणून सुरुवातीला वेग छान दिसतो. तो भाग भरला की वेग कोसळतो. रेडमध्ये (RAID, अनेक डिस्क मिळून एक करण्याची पद्धत) डिस्क बदलल्यावर पुन्हा भरणी चालते तेव्हा ही डिस्क इतका वेळ उत्तर देत नाही की सिस्टिम तिला मेलेली समजून बाहेर काढते. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत हे २०२० साली उघड झालं. सीएमआरवाल्या आता रेड प्लस नावाने मिळतात. सीगेटच्या आयर्नवुल्फ सीएमआर आहेत. मालिकेच्या नावावर विसंबू नका, पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा.

दोनच डिस्क परवडत असतील तर दोन्ही सर्व्हरमध्ये घालून एकीची प्रत दुसरीवर ठेवायचा मोह होतो. मी तसं करणार नाही. एक सर्व्हरमध्ये लावा, दुसरी यूएसबी पेटीत घालून बॅकअपला ठेवा आणि बॅकअप झाला की वायर काढून वेगळ्या खोलीत, जमल्यास दुसऱ्या घरी ठेवा. अशी जुळी प्रत, म्हणजे आरसा, फक्त डिस्क मेल्यावर उपयोगी पडतो. चुकून पुसलेला फोल्डर दोन्हीकडून त्याच क्षणी जातो, आणि विजेचा झटका दोघींनाही लागतो. घरचा सर्व्हर एक दिवस बंद राहिला तर चालतं, फोटो गेले तर चालत नाही. आरशासाठी तिसरी डिस्क नंतर घ्या. बॅकअपची डिस्क एसएमआर असली तरी हरकत नाही, तिच्यावर फारसं पुन्हा पुन्हा लिहिलं जात नाही.

पुढे सिनेमांसाठी वेगवेगळ्या मापाच्या डिस्क गोळा झाल्या तर मर्जरएफएस (अनेक डिस्क एकच असल्यासारख्या दाखवणारं) आणि स्नॅपरेड (मेलेल्या डिस्कवरचा मजकूर परत उभा करणारं) ही सॉफ्टवेअरची जोडी बघा. अट एवढीच की पॅरिटीची (मजकूर परत उभा करायची माहिती ठेवणारी) डिस्क सगळ्यात मोठ्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी.

वापरलेली डिस्क घेणार असाल तर स्मार्टमनटूल्स या साधनाने तिची तब्येतीची नोंद वाचा. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या (खराब जागा मोजणाऱ्या) ओळींचा कच्चा आकडा शून्य हवा. १९७ शून्य नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा वायरचा असतो, वायर बदलून बघा. ९व्या ओळीत चाललेले तास असतात. ४०,००० म्हणजे साडेचार वर्षं अखंड. हा आकडा विकणारे पुसू शकतात, म्हणून सीगेटच्या डिस्कवर फार्म नावाची वेगळी नोंदही वाचा आणि दोन्हीकडचे तास जुळतात का बघा. सास या सर्व्हरमधल्या जोडणीच्या डिस्क स्वस्त दिसतात, त्या साटा पोर्टवर बसत नाहीत.

यूएसबीबद्दल म्हटलं होतं. बॅकअपसाठी एकेकटी डिस्क यूएसबीवर ठीक. पण चार डिस्कच्या यूएसबी पेटीवर रेड किंवा झेडएफएस नको. पेटीतली जोडचिप मध्येच रीसेट होते आणि चारही डिस्क एकदम गायब होतात. पोर्ट कमी पडले तर पीसीआयई खाचेत एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टचं कार्ड लावा. ‘पोर्ट मल्टिप्लायर’ (एका पोर्टाचे अनेक करणारी चिप) वापरून दहा-वीस पोर्ट देणारी कार्डं टाळा. एका डिस्कची चूक सगळ्यांना अडवते.

पॉवर सप्लायकडे दुर्लक्ष होतं आणि तिथेच आग लागते, शब्दशः. मोलेक्स या जुन्या चार पिनी वीजजोडावरून साटा करणारे जे जोड एकसंध ओतीव प्लास्टिकचे असतात, त्यात तारा आतल्या आत सरकून एकमेकींना चिकटू शकतात. मागचं झाकण उघडतं आणि तारा टोचून बसवलेल्या असतात, तेच जोड घ्या. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर घेते, म्हणजे चार डिस्क सुरुवातीच्या काही सेकंदांत सुमारे ९६ वॅट ओढतात. ऑफिस पीसींच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डिस्कची वीज मदरबोर्डवरून येते, तिथे फाटे फोडून चार डिस्क लावू नका. त्यांचा पॉवर सप्लायचा जोडही अनेकदा २४ पिनचा नसतो, त्यामुळे बाजारातला दुसरा सहज बसेल हे गृहीत धरू नका. स्वतः जुळणी करत असाल तर चांगल्या कंपनीचा ३०० ते ४०० वॅटचा घ्या. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या शिक्क्याच्या नेहमीच्या श्रेणींची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. ६५० वॅटच्या सप्लायवर २५ वॅटचा सर्व्हर चार टक्क्यांवर चालतो, आणि तिथे तो किती वीज वाया घालवतो ते त्या शिक्क्यावरून कळत नाही.

नेटवर्क बोर्डावरचं गिगाबिट पुरे. त्यातून सेकंदाला ११० एमबी जातात, फोटो आणि सिनेमांना ते भरपूर आहेत. पैसे उरले तर यूपीएस घ्या, आणि यूएसबीने सर्व्हरशी बोलणाराच घ्या. नाहीतर बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळत नाही आणि तो शेवटी तसाच धाडकन बंद पडतो. एनयूटी हे सॉफ्टवेअर लावलं की तो वेळेत स्वतःहून बंद होतो.

सगळं जोडून झालं की लगेच फोटो टाकू नका. आधी रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवा. एकही चूक दिसली तर रॅम बदला. मग प्रत्येक डिस्कवर, ती रिकामी असतानाच, बॅडब्लॉक्सची लिहून-वाचून होणारी चाचणी लावा. त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. ४ टीबीला अडीच दिवस लागतात, आणि त्याहून मोठ्या डिस्कला ब्लॉकचा आकार ४०९६ बाइट दिला नाही तर ती सुरूच होत नाही. चाचणी चालू असताना डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या वर गेलं तर समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा मंद वेगाने लावा. चाचणीनंतर त्या ५, १९७, १९८च्या ओळी पुन्हा वाचा. मग माहिती भरा, पहिला बॅकअप घ्या आणि त्यातला एक फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत आणून फोटो उघडून बघा. ते उघडेपर्यंत कुणाच्याही फोनमधला एकही फोटो पुसू नका.