रोडकिंगचे ८५ हजार मागतात, द्यावे का?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात सात एकर कोरडवाहू शेती आहे. कापूस आणि तूर विकून खात्यात १ लाख ६० हजार जमा आहेत. ९० हजारांचं पीक कर्ज भरायचं बाकी आहे. घरखर्च महिन्याला १२ हजार. ओळखीतल्या एकाकडे १९८७ ची येझदी रोडकिंग मोटारसायकल आहे. ९५ हजार सांगतो, ८५ ला सोडतो म्हणतो. बुक (नोंदणीचं आरसी बुक) त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, मुदत चार वर्षांपूर्वी संपली. ‘विंटेज आहे, पाच वर्षांत दुप्पट होते’ असं त्याचं म्हणणं. यवतमाळात चालू कंडिशनची, बुक क्लिअर असलेली रोडकिंग नुकतीच १ लाख ५ हजारांना गेली. घेऊ का?

उत्तर : भाऊ, आज घेऊ नका. बुक आधी विक्रेत्याच्या नावावर होऊ द्या, मुदत वाढू द्या आणि दिवाळीनंतर कापसाचा पैसा आला की ६५ हजारांपर्यंत घ्या. ८५ ला ही गाडी महाग आहे. आजच्या कागदांवर तर ती ४५ लाही मी घेऊ देणार नाही. आकडे कुठून आले ते सांगतो.

आधी तुमचा खिसा. खात्यातले १ लाख ६० हजार सगळे तुमचे नाहीत, त्यातले ९० हजार बँकेचे आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर शून्य टक्के पडतं. मुदत चुकली की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडकतं. मृग लागल्यावर बियाण्या-खताला पैसा नसला तर तो कुठून आणि किती टक्क्यांनी येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ९० भरले की ७० हजार उरतात. त्यातून चार महिन्यांच्या घरखर्चाचे ४८ हजार बाजूला ठेवा. म्हणजे हौसेला आज मोकळे आहेत २२ हजार. बाकीच्यासाठी घरचं सोनं गहाण टाकायचा विचार मनात आला असेल, तर तो इथंच सोडा.

‘दुप्पट होते’ याचा हिशोब करू. ६५ ला घेऊन दुरुस्ती केली की गाडी लाखाला पडते. तेच लाख सात टक्क्यांनी एफडीत ठेवले तर पाच वर्षांत १ लाख ४० हजार होतात. गाडीला मात्र दरवर्षी द्यावं लागतं. १५० ते ३५० सीसीचा थर्ड पार्टी विमा १,३६६ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १,६१२. पीयूसी, ऑइल, केबल, प्लग, किरकोळ कामं धरून वर्षाला सहा हजार तरी जातात, पाच वर्षांचे तीस. म्हणजे पाच वर्षांनी ती १ लाख ७० हजारांना विकली, तेव्हा कुठं एफडीशी बरोबरी. चोरीची भरपाई थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही, आणि एवढ्या जुन्या गाडीला फुल विमा सहसा कोणी देत नाही. हौस म्हणून घ्यायची तर घ्या, ती काही वाईट गोष्ट नाही. पण घरात ‘गुंतवणूक’ म्हणून सांगू नका.

‘विंटेज’ शब्दालाही पैसे मोजू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी. १९८७ ची रोडकिंग तिथं २०३७ मध्ये पोचेल. त्या नोंदणीची फी २० हजार आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरात चालवताही येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुम्हाला तर तिच्यावर वावरात जायचं आहे.

आता कागद. या सौद्यात खरी किंमत तिथंच लपलेली आहे. मालक वारले आहेत, म्हणजे मुलाने सही करून दिलेला टीटीओ सेट (गाडी नावावर करायच्या फॉर्मचा संच) कामाचा नाही. आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला जोडून गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी. भाऊ-बहीण असतील तर त्यांची संमती लागते. त्यानंतरच फॉर्म २९ आणि ३० वर ती तुमच्या नावावर येते. वडिलांच्या सहीचे कोरे फॉर्म ‘तेव्हाच घेऊन ठेवले होते’ असं कोणी म्हणालं तर चहा संपवून उठा.

दुसरं, मुदत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २० वर्षांवरच्या मोटारसायकलला ही फी २,००० आहे. उशिराचा दंड दरमहा ३०० रुपये, म्हणजे चार वर्षांचे १४,४००. पर्यावरण कर वेगळा, नवी एचएसआरपी नंबर प्लेट वेगळी, हस्तांतरणाची फी वेगळी. सगळं मिळून वीस हजार धरून चाला. १९८७ चा नंबर एमएच मालिकेच्या आधीचा असणार. असा नंबर नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर दिसलाच नाही, तर आधी आरटीओत जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. तिथं रजिस्टरचं पान सापडण्यावर सगळं अवलंबून. म्हणून सौद्याचं बोलण्याआधी नंबर पोर्टलवर टाकून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

‘गावातल्या गावात चालवायची, बुक कोण बघतो’ असंही कोणी सांगेल. मुदत संपलेल्या, विमा नसलेल्या गाडीखाली कोणी सापडलं तर भरपाई तुमच्या अंगावर येते. मोटार वाहन कायद्यात ही रक्कम जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची सोय आहे. फटफटीच्या हौसेपायी सातबाऱ्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि येतो म्हणून आदल्या दिवशी कळवू नका. पोचल्याबरोबर सिलिंडरला हात लावा. कोमट लागला तर गाडी आधी चालू करून ठेवली आहे असं समजा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. थंड गाडी किती किकमध्ये उठते, यावर पाच हजारांचा फरक पडतो. येझदीत गिअरचीच दांडी आत दाबून उभी केली की किक होते. तिच्यावर नुसतं वजन टाकून पाहा, पाय क्षणभर अडला पाहिजे. सरळ खाली गेला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं. कटकट आवाज करून सटकला तर किकचे दाते झिजले.

चालू झाल्यावर दहा मिनिटं तशीच राहू द्या आणि धूर बघत बसा. टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलसोबत ऑइलही जळतं, म्हणून सुरुवातीला निळसर धूर येणारच, पण गरम झाल्यावर तो पातळ व्हायला हवा. पांढरा, दाट, जळकट वासाचा धूर थांबतच नसेल तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलेलं आहे, आणि गिअर ऑइल इंजिनात ओढलं जाऊन जळतं आहे. गिअर ऑइलची पातळी मिस्त्रीला उघडून बघायला सांगा. ‘कालच टाकलं’ हे उत्तर म्हणजे कबुलीच. उलट बाजूचं सील गेलं तर धूर दिसत नाही, पण हवा ओढली जाऊन पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं. रेस सोडल्यावर आवाज पटकन खाली बसत नाही, कधी आपोआप चढतो. हे जास्त धोक्याचं, कारण अशी गाडी रस्त्यावर पिस्टन जाम करते आणि मागचं चाक अडकतं. सील दोनशे-चारशेचं असतं, पण तिथं पोचायला इंजिन पूर्ण खोलावं लागतं. खोललं की बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन सगळंच दिसतं आणि सगळंच करावं लागतं.

रॉडची परीक्षा मिस्त्रीकडून करून घ्या. प्लग काढायचा, पिस्टन मधोमध आणायचा, प्लगच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर पिस्टनवर अलगद टेकवायचा आणि उजवं कव्हर काढून क्रँक किंचित मागे-पुढे हलवायची. क्रँक हलते पण स्क्रू-ड्रायव्हर क्षणभर जागचा हलत नाही, असं झालं तर बिग एंड, म्हणजे रॉडचा क्रँककडचा जोड, ढिला आहे. पिस्टन स्टँडर्ड साइजचा आहे की सिलिंडर बोअर करून मोठा टाकलेला, हेही विचारा. शेवटच्या साइजवर असेल तर पुढच्या वेळी ब्लॉकला आतून स्लीव्ह (नवी नळी) बसवावी लागेल.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत चेसिस कोकणासारखी सडत नाही. पण ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वायरिंग, रबर, सीट आणि केबल कडक होऊन तडकतात. आणि गाडी गोठ्यात किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी उभी असेल तर क्रोम आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रिमच्या आतून बोट फिरवा. टाकीत टॉर्च मारा. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल उभ्या गाडीत पाणी धरतं, टाकी गंजवते आणि कार्ब्युरेटर चोंदवते.

चेसिस आणि इंजिन नंबरवर कागद धरून शिसपेन्सिल घासा आणि तो प्रिंट बुकाशी अक्षरन् अक्षर जुळवा. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल, उथळ किंवा तिरका उमटला, आजूबाजूला ग्राइंडरच्या रेषा दिसल्या, तर भावाची चर्चाच करू नका.

स्पेअरबद्दल एक गैरसमज असतो. मैसूरचा जुना कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ पासून येझदी नावाने येणाऱ्या ३३४ सीसीच्या गाड्या पूर्ण वेगळ्या आहेत, त्यांचे भाग हिला लागत नाहीत. मिळतात ते डुप्लिकेट, नाहीतर दुसऱ्या गाडीतून काढलेले. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सायलेन्सरची जोडी डुप्लिकेट दिसते आणि टाकीही रोडकिंगची वाटत नाही. त्याचे ६,५०० मी कापतो.

हिशोब असा. यवतमाळची १ लाख ५ हजारांची गाडी हा झालेला सौदा आहे, तोच पाया धरायचा. मोबाइलवर लोक जे दीड-दीड लाख मागतात ती नुसती मागणी. १ लाख ५ हजारांतून क्रँक, बोअर-पिस्टन, सील यांचे १५ हजार, वायरिंग-बॅटरीचे ४ हजार, टायर-ट्यूबचे ५ हजार, फोर्क, केबल, ब्रेक लायनरचे ४ हजार, असे २८ हजार वजा. हा माझा अंदाज आहे. तुमच्या मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या आणि त्याचा आकडा वेगळा आला तर त्याचाच धरा. इंजिन उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी आणखी ५,५०० वजा. मूळ भाग नसल्याचे ६,५०० वजा. राहिले ६५ हजार. बोलणी ५८ पासून सुरू करा. कागदांचे वीस हजार तुम्हीच भरायचे म्हटले तर हेच ६५ चे ४५ होतात. पण वारसांचं काम तुमच्या हातात नाही, ते अडलं तर पैसे गेल्यातच जमा. म्हणून तो पर्याय मी मोजतच नाही.

कागदांच्या कामाला विक्रेत्याचे काही महिने जाणारच. तुमचा कापूसही तोवर घरात येतो, म्हणून वाट पाहण्यात तुमचं नुकसान नाही. गाडी हातची जाईल अशी भीती वाटत असेल तर पाच हजार इसार द्या, तोही फोन-पेने किंवा बँकेतून, म्हणजे नोंद राहते. चिठ्ठीत इंजिन नंबर, चेसिस नंबर, ठरलेली रक्कम, बुक नावावर करून मुदत वाढवून द्यायची शेवटची तारीख आणि ती चुकली तर इसार परत, एवढं लिहा. सही एकट्या मुलाची नको; त्याच्या भावा-बहिणींची आणि आई असेल तर तिचीही घ्या.