सोफा एआयचा चालेल, भिंत नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत, रिकाम्या घराच्या फोटोत एआयनं सोफा-बेड-पडदे घालून जाहिरात करायची का नाही. म्हणून सातबारा आणि सोसायटीच्या पार्किंगचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न : कळंब्यात आमचा दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे. आई-बाबा आता माझ्याकडं पुण्यात असतात, त्यामुळं फ्लॅट बरेच दिवस रिकामा आहे. जाहिरात टाकली पण फोन येत नाहीत. एजंट म्हणतोय, रिकाम्या खोल्यांचे फोटो बघून गिऱ्हाईक पुढं सरकतंय, एआयनं फर्निचर घालून देतो. बाबा म्हणतात जे घरात नाही ते दाखवणं म्हणजे सरळ फसवणूक. कुणाचं ऐकू?

उत्तर : दादा, दोघांचंही थोडं थोडं ऐका. एजंटचं म्हणणं खोटं नाही. रिकाम्या खोलीच्या फोटोत डोळ्याला मापच सापडत नाही, दहा बाय बाराची बेडरूम कधी गोडाऊन वाटते तर कधी स्टोअररूम, आणि बघायला दुसरं काहीच नसलं की नजर सरळ जाते ती भिंतीतल्या खिळ्यांवर, केबलच्या लोंबत्या वायरीवर आणि कॅलेंडर काढल्यावर राहिलेल्या चौकोनी डागावर. तिथं एक बेड दिसला की माणूस लगेच मनात हिशोब करतो, इथं कपाट, इथं पोरांचं टेबल. याला व्हर्च्युअल स्टेजिंग म्हणतात. पूर्वी कॉम्प्युटरवर एकेक खुर्ची बसवणारा माणूस लागायचा, आता चॅटजीपीटी नाहीतर जेमिनीला फोटो दिला आणि दोन ओळी लिहिल्या की झालं.

पण बाबांची शंका पण उगाच नाही, आणि ती नेमकी कुठं खरी ठरते ते सांगते. आपल्याला वाटतं की एआय आपल्या फोटोत सोफा आणून ठेवतं. तसं नसतं ओ. बहुतेक वेळा ते तुमचा फोटो बघून अख्खं चित्र नव्यानं तयार करतं, त्यामुळं सोफा सांगितला तरी बाकीच्या गोष्टी पण हळूच हलतात. खिडकी अर्धा फूट रुंद होते, ग्रिल गायब, छताचा बीम सपाट, स्विचबोर्ड पुसला जातो, पंख्याच्या जागी झुंबर येतं. मे महिन्यात कोल्हापुरात पंख्याशिवाय हॉल दाखवणारा फोटो बघून कुणाला विश्वास बसणार सांगा. एका फोटोत तर मी फायरप्लेस बघितली, ती पण आर. के. नगरच्या रो हाऊसमध्ये!

त्यामुळं सांगताना नीट सांगायचं. "भिंती, खिडक्या, दारं, फरशी, पंखा, स्विचबोर्ड, कॅमेऱ्याचा कोन यातलं काहीही बदलू नकोस, फक्त तीन सीटचा साधा सोफा, छोटं टीपॉय आणि टीव्ही युनिट ठेव." मराठीत लिहिलं तरी त्याला कळतं. आणि देवाचा फोटो मात्र एआयकडून घालून घेऊ नका, अंबाबाईच्या हातातली आयुधं काहीतरीच होऊन बसतात आणि शेजारच्या कॅलेंडरवर कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं येतात. आपल्याकडचे लोक तेवढंच बघून जाहिरात बंद करतील.

आता माप. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथं लबाडी करायची इच्छा नसताना पण लबाडी होते. एआयला तुमची खोली किती फुटांची आहे हे माहीत नसतं, त्याला फक्त चित्र छान दिसायला पाहिजे असतं, म्हणून नऊ बाय दहाच्या खोलीत ते बेड बारका करून बसवतं आणि तिन्ही बाजूंनी ऐसपैस जागा दाखवतं. हे पकडायचं कसं, तर फरशा मोजा. हल्ली बऱ्याच फ्लॅटमध्ये दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड फरशी असते. सहा फुटी डबल बेडनं रुंदीला तीन फरशा झाकल्या पाहिजेत आणि साडेसहा फूट लांबीला सव्वातीन. फोटोत लांबची फरशी बारीक दिसते खरी, पण बेड पण त्याच प्रमाणात बारीक दिसतो, त्यामुळं हिशोब चुकत नाही. बेडखाली दोनच फरशा जात असतील तर तो बेड नाही, पाळणा आहे. फोटो परत करून घ्या. आणि एआयनं फरशीच बदलली असेल, म्हणजे खाली लाकडी फ्लोअरिंग आलं असेल, तर तो फोटो वापरायचाच नाही.

मूळ फोटो चांगला असला तर निम्मं काम सोपं होतं. सकाळी दहा-अकराला, सगळ्या खिडक्या उघडून, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून, मोबाईल छातीच्या उंचीला आडवा धरून काढा. ते पॉइंट फाइव्ह झूम वापरू नका, त्यानं कडेच्या भिंती ताणल्या जातात आणि बाथरूमसुद्धा मंगल कार्यालय वाटतं. खिळे काढून, भोकं बुजवून, एकदा झाडूपोछा करून घेतलात तर एआयला पुसायला काही उरतच नाही.

आणि बाबांचं समाधान करायचं असेल तर दोन गोष्टी करा. एआयच्या प्रत्येक फोटोवर ठळक लिहा, "फर्निचर काल्पनिक, खोली रिकामी आहे", आणि त्याच खोलीचा रिकामा फोटो लगेच शेजारी टाका. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं तर हा कायदाच केला, १ जानेवारी २०२६ पासून एजंटनं घराच्या जाहिरातीत फोटो असा बदलला असेल तर तसं स्पष्ट लिहायचं आणि मूळ फोटो पण बघायला उपलब्ध करून द्यायचा. उजेड वाढवणं, फोटो सरळ करणं, कड कापणं याला मात्र तिथं सूट आहे. मला ही रेघ पटते. उजेड वाढवा, पण खिडकी वाढवू नका.

प्रश्न : नागाळा पार्कात आमचं तळमजल्याचं घर आहे. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी आत आलं होतं. रंग दिला तरी हॉलच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर ओलीची रेघ परत परत उमटते आणि खाली पोपडे धरतात. एजंटनं एआयचे फोटो करून आणले, त्यात ती रेघ दिसतच नाही, भिंत एकदम नवी. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम आपण काय केलं नाही, एआयनं आपोआप काढली." मला झोप लागेना. पुराचं सांगणं गरजेचं आहे का?

उत्तर : हो ताई, सांगायलाच लागतं. आणि हे मी चांगुलपणाचे दोन शब्द म्हणून सांगत नाही, कायदा तसा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम ५५ म्हणतं की मालमत्तेतला मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊन त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्यानं तो उघड केला पाहिजे. नाही केला तर कायदा त्याला कपट म्हणतो. तिकडं १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं फसवून संमती घेतली असेल तर तो करार घेणाऱ्याला रद्द करून मागता येतो. आता तुमची भिंत बघा. ओलीची रेघ उघड दिसते तोवर "तुम्ही बघूनच घेतलं की" असं म्हणायला तुम्हाला जागा आहे. ती फोटोतून पुसली, वरून पुट्टी मारून रंग दिला आणि तोंडानं पण काही बोलला नाहीत, की ती जागा गेली. पुसली एआयनं, पण जाहिरात तुमच्या नावानं आहे.

दुसरं म्हणजे हे लपणारं आहे का? आपल्याकडं लहान पोराला पण माहीत असतं की पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, आणि पावसाळ्यात सकाळी उठल्यावर लोक चहाच्या आधी बंधाऱ्याची पातळी विचारतात. घर बघायला आलेला माणूस गाडी लावता लावता समोरच्या दुकानात विचारणार, "पाणी कुठपर्यंत आलतं ओ?" आणि दुकानदार हात वर करून उंची दाखवणार. ज्याला पूर्ण बाहेरगावचा म्हणून तुम्ही हेरताय त्याचा पण कुणीतरी मेव्हणा शाहूपुरीत असतोच. पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा पण असते, कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस किंवा घेणाऱ्याचा वकील ती बघू शकतो.

त्यामुळं ते फोटो परत करा आणि एजंटला लिहून कळवा, व्हॉट्सॲपवर का होईना, की भिंतीचा भाग आहे तसा दिसला पाहिजे. तोंडी नको. एआयचं फर्निचर पाहिजेच असेल तर बाकीच्या खोल्यांत वापरा, हॉलला साधा फोटो ठेवा. आणि पाणी किती आलं होतं, किती दिवस होतं, नंतर वायरिंग बदललं का, बोर्ड वर घेतले का, हे स्वतःहून सांगा. भाव थोडा कमी येईल, खोटं कशाला बोलू. पण ज्याला पुराचं माहीत असूनही अंबाबाईच्या देवळापासून जवळ आणि मोक्याची जागा म्हणून पाहिजे, तो माणूस विसार देऊन माघारी फिरत नाही. तुम्हाला तोच माणूस पाहिजे.

प्रश्न : मी छोटा बिल्डर आहे, पाचगावकडं स्कीम सुरू आहे. सॅम्पल फ्लॅटचा खर्च परवडत नाही, रिकाम्या तयार फ्लॅटचे एआयनं सजवलेले फोटो ब्रोशरला टाकले तर चालतील का? सगळेच टाकतात.

उत्तर : सगळेच टाकतात हे उत्तर महारेरासमोर, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणासमोर, चालत नाही, साहेब. घरमालक एक जुना फ्लॅट विकतो ती गोष्ट वेगळी, तुम्ही प्रमोटर आहात, म्हणजे स्कीम बांधून विकणारे. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ नीट वाचा. जाहिरातीतल्या किंवा मॉडेल फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर भरपाई तुमच्यावर, आणि त्याला बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासकट परत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत.

म्हणजे फोटो टाकायचेच नाहीत असं नाही. सोफा, पडदे, गादी यावर कुणी भांडत नाही. भांडण होतं ते फिटिंगवर. एआयनं किचनला मॉड्युलर ट्रॉल्या आणि चिमणी घातली, बाथरूमला काचेचं पार्टिशन घातलं, छताला पीओपी केलं, आणि तुम्ही देणार फक्त ग्रॅनाईटचा ओटा आणि साधा गिलावा, तर गिऱ्हाईक फोटो घेऊनच ऑफिसला येणार. तेव्हा फोटोखाली काय मिळणार आणि काय मिळणार नाही ते स्वच्छ लिहा, कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात नको. कार्पेट एरिया आणि खोलीची मापं फोटोवरच टाका. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे, नोंदणी क्रमांक आणि वेबसाईट पण. फोटो सुंदर आणि क्यूआर गायब अशा जाहिराती मी अजून बघते.

प्रश्न : जाहिरातीतला डायनिंग टेबल घराबरोबर मिळणार का असं तीन जणांनी विचारलं. काय सांगू?

उत्तर : "टेबल कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगा, हसतील आणि बोलणं पुढं जाईल. पण खरोखर घरात राहणार आहे त्याची यादी, पंखे, गीझर, इन्व्हर्टर, कपाटं, पाण्याची मोटर, साठेखतात लिहून घ्या. ऐनवेळी ट्यूबलाईटवरून व्यवहार फिसकटलेले आहेत.

प्रश्न : मी इचलकरंजीचा, कोल्हापुरात घर शोधतोय. फोटोत खिडकीबाहेर हिरवीगार झाडं होती, प्रत्यक्षात दोन फुटांवर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. एक सबंध दिवस गेला. जायच्या आधी कसं ओळखायचं?

उत्तर : फुकट गेलेल्या दिवसाचा राग बरोबर आहे. एकाच खोलीचे दोन फोटो शेजारी लावून बघा. एआयला आधीच्या फोटोत काय ठेवलं ते आठवत नाही, त्यामुळं एका फोटोत दोन झडपांची खिडकी दुसऱ्यात तीन झडपांची होते, दार डावीकडचं उजवीकडं जातं. खुर्चीला तीनच पाय, टेबलाची सावली खिडकीच्याच बाजूला, टीव्ही आहे पण आसपास एकही सॉकेट नाही, हे सगळं संशयाचं. खिडकीला ग्रिल नाही आणि बाहेर बाग, हे तर हमखास. आपल्याकडं दुसऱ्या मजल्यापर्यंत ग्रिल नसलेलं घर सहसा नसतंच.

सगळ्यात सोपं म्हणजे मालकाला नाहीतर एजंटला सांगा, व्हिडिओ कॉल लावा आणि मुख्य दारापासून न थांबता प्रत्येक खोलीत फिरा, प्रत्येक खिडकी उघडून बाहेर कॅमेरा धरा, बाथरूमचा नळ सोडा, छताचे कोपरे दाखवा. रेकॉर्ड करून पाठवलेला व्हिडिओ नको, चालू कॉलच पाहिजे. जो म्हणतो "रेंज नाही" किंवा "किल्ली मालकाकडं आहे", त्याला म्हणा, किल्ली मिळाली की फोन करा, मग मी गाडी काढतो.