‘अपेक्षा’चा रकाना भरण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

बायोडेटातला ‘अपेक्षा’चा रकाना कोराच ठेवलास, हे बरं केलंस. मुली पगार बघतात आणि मुलं रूप, असं तुझे मित्र म्हणतात. ते अर्धंच खरं आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३७ समाजांतल्या दहा हजारांवर लोकांची उत्तरं प्रसिद्ध केली. त्यात भारतातलेही लोक होते. कमाईला बायकांनी जास्त वजन दिलं, रूपाला पुरुषांनी. पुरुषांना वयाने लहान जोडीदार हवी होती, बायकांना थोडा मोठा. पण प्रेमळ, समजूतदार स्वभाव आणि बुद्धी या दोन गोष्टी दोघांनीही कमाई आणि रूप यांच्या वर ठेवल्या. मित्र सांगतात तो फरक या दोन गोष्टींच्या खालचा आहे.

तुझी गरज कोणती आणि हौस कोणती, हे असं तपास. रूप, कमाई, स्वभाव, बुद्धी, विनोदबुद्धी असे पाच गुण कागदावर लिही आणि त्यांत फक्त १० गुणांक वाट. नंतर कोऱ्या कागदावर हेच ३० गुणांक घेऊन कर. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशाच पद्धतीने पाहिलं, तेव्हा हात आखडता असताना पुरुष आधी रूपाकडे आणि बायका कमाईकडे वळल्या. सढळ होताच तो फरक ओसरला. पहिल्या कागदावर ज्यांना ३ किंवा जास्त मिळाले, ती तुझी गरज; दुसऱ्यावरच वाढलं ती हौस. गरज तेवढीच रकान्यात लिही. ‘गोरी, सडपातळ, घरकामात निपुण, नोकरी करणारी’ अशी माळ लावलीस, तर चांगली स्थळं भेटीआधीच गळतील.

इथे लोक हमखास फसतात. ईस्टविक आणि फिंकेल या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये झटपट भेटींच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांना पाहिलं. आधी सांगितलेल्या आवडीवरून प्रत्यक्षात कोण आवडेल, हे ओळखता आलं नाही, मुलांचंही नाही आणि मुलींचंही नाही. म्हणून कांदेपोह्यांच्या तासाभरात, मोठ्यांसमोर, होकार-नकार ठरवू नकोस. वेगळ्या जागी, दोघांनीच, निदान तीनदा भेटा. एकदा गर्दीत भेटा: बस चुकली किंवा वेटरने चुकीचं आणलं, की तिचा स्वभाव दिसतो, आणि तिलाही तुझा. घरकाम, पगाराचा हिशोब, आईवडिलांची जबाबदारी हे दुसऱ्या भेटीत स्पष्ट विचार.

ती तुझा पगार विचारेल. रागावू नकोस, खरा आकडा सांग, कर्जाचा हप्ताही सांग.