सहा वेळापत्रकं आणि थ्री फेज

तो आला तो वही घेऊनच. मागच्या पानांवर स्केलनं आखलेली सहा वेळापत्रकं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख. साडेचारला उठणे, पाचला रनिंग, साडेसहा ते नऊ गणित आणि बुद्धिमत्ता. पोलीस भरतीची तयारी चालली होती.

"मॅडम, पाच दिवसावर एकही टिकत नाही. सहाव्या दिवशी झोप लागून जाते, अन् मंग सारंच बोंबलते. माह्यात शिस्तच नाही."

यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्यात मार्गदर्शन करताना हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. म्हणूनच असेल, पहिल्या भेटीत मी ठरलेलं उत्तर देऊन मोकळी झाले: रात्री दहाला मोबाईल बंद, झोपेची वेळ पक्की. पोरानं मान डोलावली. पंधरा दिवसांनी तोच चेहरा घेऊन परत आला. तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं, "गेल्या आठवड्यात रात्री कुठं होतास?"

"वावरात होतो नं जी."

हरभऱ्याचं ओलीत सुरू होतं. त्याच्या फीडरवर, म्हणजे त्याच्या भागाच्या वीजवाहिनीवर, मोटर चालवणारी थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत दर तीन तासांनी मोटर बंद करायची, स्प्रिंकलरचे पाईप चिखलातून उचलून पुढच्या पट्ट्यात जोडायचे, परत मोटर सुरू. वडिलांचे गुडघे गेलेले, त्यामुळे हे काम त्याच्याचकडे. मधल्या वेळात रानडुकरांसाठी जागल. साडेचारला उठायचं कुठलं, साडेचारला हा पोरगा झोपलेलाच नसायचा!

घड्याळ बाजूला ठेवून मी विचारलं, लाइन कधीही असो, रोज चुकत नाही असं काय आहे? बराच वेळ विचार करून म्हणाला, म्हशीची धार आणि डेअरी. मग तीच खुंटी धरली. संध्याकाळी डेअरीवरून येऊन कॅन धुऊन उपडी ठेवली, की तिथंच ओट्यावर बसून वही उघडायची. 'अमुक झालं की तमुक करायचं' असं आधीच ठरवलेलं जास्त पाळलं जातं, यावर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय.

मापं दोन ठरली, नावं त्यानंच ठेवली. लाइन दिवसाची असेल तर 'पायलीचा दिवस': पहाटे 1600 मीटर, संध्याकाळी चाळीस प्रश्न. रात्रीची असेल तर 'पसाभर': पाच प्रश्न आणि डेअरीपर्यंत पायी. पसाभर झालं तरी दिवस भरला असं धरायचं. आणि नवीन वेळापत्रक आखायला सक्त बंदी!

"एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात?" असं त्यानं विचारलंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर झालेला, 2010 साली छापून आलेला एक अभ्यास आहे. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. त्याच्या कामाची गोष्ट पुढची होती: एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. हा मात्र एक दिवस चुकला की पान उलटून पुन्हा पहिल्यापासून आखायला बसायचा.

खरी अडचण आली ती झोपेची. आई भेटायला आल्या. "दहा वाजले तरी पोट्टं लोयतेच जी. लोक काय म्हनतीन?" मी त्यांना बोटांवर तास मोजायला लावले. सकाळी सहाला वावरातून आला, दहाला उठला. चार बोटं दुमडल्यावर त्या गप्प झाल्या. रात्रपाळीच्या आठवड्यात बारापर्यंत त्याला कुणी उठवायचं नाही, हे कबूल करून घ्यायला मला दोन भेटी लागल्या. वेळापत्रकाला एवढा वेळ लागला नव्हता.

तूर सोंगायला आली तेव्हा सलग चार दिवस कोरे गेले. खाली मान घालून बसला होता. पाचव्या दिवसाचं विचारलं, तर म्हणाला, "पसाभर केला."

मागच्या भेटीत मी अजून बोलतच होते, तर हा खिडकीतून उन्हाकडे पाहत उठला. धारेची वेळ झाली होती.