'कॉन्व्हेंट बंद पडलं' असं लिहावं का?

नागपुरातल्या एका कॅथलिक मुलींच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थिनी स्मरणिका काढताहेत. शाळा आता राहिलेली नाही. त्यांचा प्रश्न असा: इतिहासाच्या पहिल्या ओळीत 'कॉन्व्हेंट बंद पडलं' लिहायचं, 'शाळा बंद झाली' लिहायचं, की 'हायस्कूल बंद करण्यात आलं'? जोडीला दोन छोटे प्रश्न आहेत. शिकवणाऱ्यांना 'नन' म्हणावं की 'सिस्टर'? आणि 'मिशन शाळा' म्हटलं तर चालेल का?

सगळ्यात जास्त घोटाळा 'कॉन्व्हेंट' करतो, म्हणून तो आधी. लॅटिन 'कॉन्व्हेन्तुस' म्हणजे एकत्र जमलेली मंडळी. त्यावरून व्रत घेतलेल्यांचं एकत्र राहण्याचं घर. तेव्हा कॉन्व्हेंट हे सिस्टरांचं घर आणि शाळा त्याला लागून. एकाच आवारात कॉन्व्हेंट, प्राथमिक शाळा, हायस्कूल, बोर्डिंग, कुठे अनाथालयही असे. ही सगळी एकाच वर्षी उघडलेली नसतात आणि एकाच वर्षी मिटतही नाहीत. हायस्कूल संपलं तरी सिस्टर तिथेच राहत असतील तर कॉन्व्हेंट चालू आहे. उलटंही होतं: सिस्टर घर आवरून गेल्या आणि शाळा दुसऱ्या व्यवस्थापनाकडे चालू राहिली. 'कॉन्व्हेंट बंद पडलं' या तीन शब्दांत यातलं नेमकं काय झालं ते कळत नाही.

नागपुरात आणखी एक पेच आहे. विदर्भात 'कॉन्व्हेंट' म्हणजे इंग्रजी माध्यमाची बालवाडी, फार तर चौथीपर्यंतची शाळा. 'पोरगी कॉन्व्हेंटला जाते' म्हटलं की नर्सरी, केजी-वन, केजी-टू हेच डोळ्यांसमोर येतं. चर्चशी त्याचा काही संबंध असावाच लागत नाही; एखाद्या ले-आऊटमधल्या दुमजली घरावर देवाच्या नावापुढे 'कॉन्व्हेंट' अशी पाटी सर्रास दिसते आणि तिचं कुणाला नवलही वाटत नाही. हा अर्थ चुकीचा म्हणून हिणवण्यात हशील नाही. तो इथे रुळला आहे. पण स्मरणिका वाचणाऱ्या नातवंडांना आजीची बालवाडी बंद पडली असं वाटेल, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला मिशनऱ्यांची इंग्रजी शाळा वाटेल. म्हणून शाळेच्या नावातच 'कॉन्व्हेंट' असेल तर ते नाव जसंच्या तसं ठेवा. एरवी हा शब्द फक्त सिस्टरांच्या घरासाठी वापरा. शाळेला शाळा किंवा हायस्कूल म्हणा. नावाचं भाषांतर मात्र नको. 'गर्ल्स हायस्कूल'चं 'कन्या विद्यालय' केलंत तर जुन्या दाखल्यावरचं नाव आणि स्मरणिकेतलं नाव जुळणार नाही.

लेखनाबद्दल थोडक्यात: मराठीत 'कॉन्व्हेंट'. 'कॉन्वेंट' ही हिंदी धाटणी, ती नागपुरी पाट्यांवर भरपूर आहे. 'कॉन्व्हेन्ट'ही नको, कारण अनुस्वाराऐवजी न्, म् असं अनुनासिक लिहिण्याची (परसवर्णाची) सवलत संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या तत्सम शब्दांना आहे, बाकीच्यांना शीर्षबिंदू, म्हणजे अनुस्वारच. लिंग नपुंसक. मनात 'शाळा' असली की तोंडी 'आमची कॉन्व्हेंट' येतं, ते कुणाच्या आठवणीत आलं तर राहू द्या.

आता क्रियापद. 'बंद पडली' म्हणजे कुणी ठरवून केलं नाही, आपोआप थकत गेली. गिरणी बंद पडते, घड्याळ बंद पडतं. 'बंद केली' म्हटलं की कर्ता सांगावा लागतो. 'बंद झाली' तटस्थ आहे, कारण माहीत नसेल किंवा वादाचं असेल तर हेच वापरावं. 'बंद करण्यात आली' मात्र टाळा. त्यात निर्णय घेतल्याचं कबूल होतं आणि घेणारा लपून राहतो. सरकारी पत्रात ते शोभतं, शाळेच्या इतिहासात नाही.

शिवाय मुलींची शाळा बंद होणं आणि शाळा बंद होणं या दोन निराळ्या गोष्टी. मुलग्यांना प्रवेश देऊन सहशिक्षण सुरू झालं असेल तर 'रूपांतर झालं' म्हणा. शेजारच्या शाळेत मिळवली असेल तर 'विलीन झाली', दुसऱ्या वस्तीत नेली असेल तर 'स्थलांतर झालं'. पटसंख्या घटून आधी तुकडी तुटली, मग वर्ग तुटला, शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजित झाले, असा क्रम असेल तर तो त्याच शब्दांत मांडा. शाळेच्या दुनियेत हेच शब्द चालतात आणि त्यांतून कारणही दिसतं. अशा वेळी 'बंद पडली' अगदी योग्य.

बंद होण्याचं साल कोणतं, हा इथला खरा खड्डा. शाळा बहुधा एका दिवसात मिटत नाही. जूनमध्ये पाचवीचे प्रवेश थांबवले, तर आदल्या वर्षी पाचवीत आलेली शेवटची तुकडी दहावीच्या परीक्षेला बसेपर्यंत जवळपास पाच वर्षं जातात. मान्यता रद्द झाल्याचं पत्र त्यानंतर. म्हणून तीन जणी तीन सालं सांगतात आणि तिघीही बरोबर असतात. उपाय म्हणजे 'बंद' शब्दाला एकटं सोडू नका: 'नवे प्रवेश अमुक साली थांबले, शेवटची तुकडी अमुक मार्चला बोर्डाला बसली, मान्यता अमुक साली संपली.' पहिल्या दोन गोष्टी दाखल-खारीज रजिस्टरातल्या शेवटच्या पानांवरून काढता येतात: शेवटचा प्रवेश क्रमांक कोणत्या तारखेचा आणि शेवटची टीसी कोणत्या तारखेची, एवढं पाहायचं.

कर्ता लिहायचा तर 'संस्थेने शाळा बंद केली' हे वाक्य चटकन सुचतं. पण शाळेच्या बोलीत 'संस्था' म्हणजे नोंदणी झालेलं व्यवस्थापन मंडळ. कॅथलिक शाळेत तीन वेगळे पक्ष असू शकतात: नोंदणीकृत संस्था, सिस्टरांचा धर्मसंघ आणि धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश. जमीन एकाची, शिकवणं दुसऱ्याचं, मान्यता तिसऱ्याच्या नावावर, असंही असतं. नागपूर धर्मप्रांत १८८७ चा. १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला आणि त्याचे प्रमुख आर्चबिशप. त्यामुळे १९५३ च्या आधीच्या प्रसंगात 'नागपूरचे आर्चबिशप' आले तर ती चूक समजा. सिस्टरांचा संघही पुरता लिहा. 'सेंट जोसेफच्या सिस्टर' एवढ्याने भागत नाही. हा संघ फ्रान्समध्ये ल प्यूई इथे १६५० साली सुरू झाला, पण पुढे शांबेरीची शाखा १८१२ मध्ये आणि आनसीची १८३३ मध्ये वेगळी उभी राहिली. आनसीच्या सिस्टर १८४९ मध्ये भारतात आल्या.

'नन' की 'सिस्टर'? इंग्रजी बोलण्यात दोन्ही एकच, चर्चच्या कायद्यात नाही. १९१७ च्या धर्मसंहितेत गंभीर व्रतं घेतलेल्या त्या नन आणि साधी व्रतं घेतलेल्या त्या सिस्टर, असा भेद केलेला आहे. नन मुख्यतः बंदिस्त मठात राहणाऱ्या. वर्गावर येऊन बीजगणित शिकवणाऱ्या, त्या सिस्टर. मराठी कॅथलिक लेखनात 'धर्मभगिनी' हा चांगला शब्द आहे. प्रस्तावनेत शोभेल, पण 'धर्मभगिनींनी छडी मारली' हे वाक्य कानाला कसंसंच लागतं. तिथे 'सिस्टरनी'. एकच असली तरी आदरार्थी अनेकवचन: सिस्टर आल्या, सिस्टरनी सांगितलं. खरोखर अनेक असतील तर 'सिस्टरांनी'. 'जोगीण' जुनाट आहे आणि आज त्याचा अर्थ वेगळाच लागेल.

'मदर' म्हणजे घराच्या प्रमुख, मदर सुपीरियर. शाळेची प्रमुख हेडमिस्ट्रेस. ही दोन पदं एकीकडे असतील किंवा दोघींकडे, तपासल्याशिवाय 'मदर मुख्याध्यापिका' असं जोडनाव करू नका. कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे, अनेक संघांनी 'मदर' ही उपाधी सोडली आणि पुष्कळ सिस्टरांनी व्रताच्या वेळी मिळालेलं नाव सोडून बाप्तिस्म्याचं नाव पुन्हा घेतलं. त्यामुळे १९६० च्या फोटोखालची मदर आणि १९७२ च्या फोटोखालची सिस्टर वेगळ्या नावांची एकच व्यक्ती असू शकते. यादी करताना दोन्ही नावं शेजारी लिहा, नाहीतर मुख्याध्यापिकांच्या फलकावर एक जागा उगाच वाढते.

'मिशन शाळा' नको. नागपुरात 'मिशन' म्हटलं की जुन्या माणसांना स्कॉटिश मिशन आठवतं: स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ चं. ते प्रॉटेस्टंट. बिशप कॉटन शाळा अँग्लिकन. कॅथलिक परंपरा निराळी, तिचे फादर आणि सिस्टर निराळे. सरळ 'कॅथलिक शाळा' लिहा.

जुन्या कागदांत शाळेला 'युरोपियन' किंवा 'अँग्लो-इंडियन' म्हटलेलं आढळलं तर ते वर्णन नाही, सरकारी वर्गवारी आहे, खोडू नका. नागपूरजवळच्या कामठीची लष्करी छावणी १८२१ ची, रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोचली, आणि छावणी व रेल्वेतल्या कुटुंबांच्या मुलींसाठी अशा शाळा लागत. घटनेच्या ३३७ व्या अनुच्छेदाने अँग्लो-इंडियन शाळांचं खास अनुदान दहा वर्षं राखलं, दर तीन वर्षांनी दहा टक्के कपातीची मुभा ठेवून. अट अशी की दरवर्षी निदान ४० टक्के प्रवेश इतर समाजांना खुले हवेत. म्हणजे १९६० ही अशा शाळांच्या हिशेबात महत्त्वाची रेघ.

'दहावी'ही जपून. महाराष्ट्रात दहावीच्या नव्या आकृतिबंधाची पहिली परीक्षा मार्च १९७५ ची. त्याआधीची मॅट्रिक अकरावीची. राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ पासूनचं आणि १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं. तेव्हा '१९५४ साली महाराष्ट्र बोर्डात पहिली आली' असं कुणी लिहून पाठवलं तर बोर्डाचं नाव दुरुस्त करा, मुलीचा नंबर तसाच ठेवा.

राहिल्या तोंडी आठवणी. 'सिस्टर शिकवून राहिल्या होत्या' म्हणजे नागपुरीत 'शिकवत होत्या', हे बाहेरच्या मुद्रितशोधकाला ठाऊक नसतं. तो 'शिकवून तिथेच राहिल्या' असा बदल करून मोकळा होतो आणि सिस्टरांचा मुक्काम आपोआप लांबतो. अवतरणचिन्हांतलं वाक्य बोललं गेलं तसंच छापा आणि प्रूफ नागपूरच्या माणसाकडूनच वाचून घ्या.